चाळीस मतं, एक राजीनामा आणि न झालेली भेट

कॅथलिक चर्चमध्ये बिशपने वयाची 75 वर्षं पूर्ण केली की पोपकडे राजीनामा पाठवायचा, असा नियम आहे. तो लगेच मंजूर करायचा की वर्ष-दोन वर्षं तसाच ठेवायचा, हे पोपच्या मर्जीवर. खिशात राजीनामा घेऊन फिरणारे मंत्री महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्यांचे राजीनामे खिशातच राहिले, ही गोष्ट वेगळी. ब्युनोस आयर्सचे आर्चबिशप होर्हे मारिओ बेर्गोलिओ यांनी 17 डिसेंबर 2011 रोजी पंचाहत्तरी गाठली आणि नियमाप्रमाणे कागद रोमला धाडून दिला. ज्या फ्लोरेस भागात ते जन्मले, तिथल्याच वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात त्यांची खोलीही ठरलेली होती. पंधरा महिन्यांनी ते पोप झाले, पोप फ्रान्सिस.

2019 साली आलेला ‘द टू पोप्स’ हा चित्रपट याच कागदावर उभा आहे. त्यात 2012 मध्ये बेर्गोलिओ राजीनाम्यावर सही घ्यायला स्वतः रोमला येतात. पोप बेनेडिक्ट सोळावे त्यांना कास्तेल गांदोल्फोच्या उन्हाळी वाड्यात बोलावून घेतात आणि सही तेवढी टाळत राहतात. बागेत दोघांची चांगलीच जुंपते. मग पियानो, पिझ्झा, फँटा, एकमेकांपुढे पापांची कबुली आणि निरोप घेताना टँगोची दोन पावलं. बघताना डोळे भरून येतात, हे मान्य. पण अशी भेट झालेलीच नाही.

पटकथाकार अँथनी मॅकार्टन यांनी हा विषय आधी नाटक म्हणून लिहिला होता. ते नाटक 2019 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनला रंगमंचावर आलं. दिग्दर्शक फर्नांदो मेरेलेस ब्राझीलचे. जर्मनीतल्या बव्हेरियाचा पोप झाले अँथनी हॉपकिन्स आणि अर्जेंटिनाचा पोप झाले जोनाथन प्राइस, म्हणजे दोघंही वेल्सचे. पोपची निवड जिथे होते ते सिस्टीन चॅपेल रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभारलं गेलं. दोघा नटांना आणि पटकथेला ऑस्करची नामांकनं मिळाली. चित्रपटाबद्दल इतकं पुरे.

कारण खरी गोष्ट त्याच्या मागे आहे. पडद्यावर ही दोन माणसं बोलून बोलून जवळ येतात. प्रत्यक्षात 2013 पूर्वी त्यांच्यात मोकळेपणाने बोलावं असं नातंच नव्हतं. पण दोघंही आयुष्यात एकेकदा बाजूला झाले. बेर्गोलिओ 2005 मध्ये झाले आणि बेनेडिक्ट 2013 मध्ये. पहिल्यामुळे एक पोप झाला आणि दुसऱ्यामुळे दुसरा.

77 चं गणित

जॉन पॉल दुसरे 2 एप्रिल 2005 रोजी गेले. सव्वीस वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते. नवा पोप निवडायला 115 कार्डिनल सिस्टीन चॅपेलमध्ये शिरले तेव्हा त्यातल्या 113 जणांना कार्डिनल करणारे स्वतः जॉन पॉलच होते. उरलेल्या दोघांपैकी एक होते जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट. वय 78, कार्डिनल मंडळाचे प्रमुख. जॉन पॉल यांच्या अंत्यविधीचं प्रवचन त्यांनीच केलं होतं आणि 18 एप्रिलला, कॉन्क्लेव्हची, म्हणजे पोप निवडणाऱ्या सभेची, दारं बंद होण्याआधीच्या मिस्सातही (चर्चमधल्या मुख्य उपासनेतही) तेच बोलले. कशालाच अंतिम सत्य न मानणाऱ्या ‘सापेक्षतावादाच्या हुकूमशाही’बद्दलचं त्यांचं प्रसिद्ध वाक्य त्याच सकाळचं. पुष्कळांना ते निवडणुकीचं भाषण वाटलं. काहींना वाटलं, एवढं रोखठोक बोलणारा माणूस पोप होण्याच्या खटपटीत असूच शकत नाही.

आतल्या मतांची आकडेवारी गुप्त ठेवण्याची शपथ असते. तरी काही महिन्यांतच एका कार्डिनलची निनावी रोजनिशी एका इटालियन नियतकालिकात छापून आली. तिच्यानुसार पहिल्या फेरीत रॅट्झिंगर यांना 47 आणि बेर्गोलिओ यांना 10 मतं होती, तर मिलानचे, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातले कार्डिनल मार्तिनी यांना 9. ज्यांच्याकडे उदारमतवाद्यांचे डोळे लागले होते ते मार्तिनी तिथेच मागे पडले. तिसऱ्या फेरीत आकडा झाला 72 आणि 40.

इथे थांबून गणित करायला हवं. 115 च्या दोन तृतीयांश म्हणजे 77. कुणीही 39 जण हट्टाला पेटले तर समोरच्याचे 77 होत नाहीत. बेर्गोलिओंकडे 40 होते, म्हणजे अडवायला लागतात त्याहून एकच जास्त. दुसरीकडे, जॉन पॉल यांनी 1996 मध्ये नियम बदलून ठेवला होता: तीसहून अधिक फेऱ्या वाया गेल्या तर साध्या बहुमताने निवड करायची मोकळीक. रॅट्झिंगर यांनी साधं बहुमत केव्हाच ओलांडलं होतं. ताणून धरलं असतं तर कित्येक दिवसांची फरफट झाली असती किंवा तडजोडीचा तिसराच कुणी पुढे आला असता.

हा तिसरा माणूसच काहींना हवा होता, असं पुढे खुद्द फ्रान्सिस यांनी सांगितलं. 2024 मध्ये एका स्पॅनिश पत्रकाराशी केलेल्या पुस्तकभर संवादात त्यांनी 40 हा आकडा आपल्या तोंडाने कबूल केला. आपल्याला प्यादं म्हणून वापरलं जात होतं, आपल्या नावावर मतं गोळा करून रॅट्झिंगर यांना रोखायचं आणि मग वेगळंच नाव पुढे करायचं, असा तो डाव होता. त्या मंडळींना ‘परदेशी’ पोप नको होता, असं त्यांच्या कानावर नंतर आलं. डाव लक्षात येताच त्यांनी कोलंबियाच्या एका कार्डिनलला बजावलं की माझ्या नावाचा खेळ करू नका, मी निवड स्वीकारणार नाही. त्यांचं स्वतःचं मत रॅट्झिंगर यांच्याच बाजूचं होतं. जॉन पॉल यांच्या वादळी कारकिर्दीनंतर मधल्या काळात तोल सांभाळणारा माणूस हवा, एवढं साधं कारण त्यांनी दिलं.

19 एप्रिलच्या चौथ्या फेरीत रॅट्झिंगर निवडून आले. दोन वर्षांनी त्यांनी साध्या बहुमताची पळवाट रद्द करून दोन तृतीयांशचा जुना नियम परत आणला. ज्या नियमाच्या धाकाने कदाचित आपली निवड सोपी झाली, तोच काढून टाकणं मला त्यांच्या स्वभावाला धरून वाटतं.

वैर होतं का?

‘दोन टोकांचे दोन पोप’ ही मांडणी पटकथेला सोयीची आहे. पुरातन लॅटिन प्रार्थना, लाल बूट, पियानो एका बाजूला. बस, झोपडपट्टी, सान लोरेन्सो क्लबचा फुटबॉल दुसऱ्या बाजूला. यात खोटं काही नाही, पण ही सगळी वरवरची चिन्हं आहेत.

रॅट्झिंगर तरुणपणी सुधारणावाद्यांत गणले जात. 1962 मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद, चर्चच्या सुधारणांसाठीची जगभरच्या बिशपांची सभा, भरली तेव्हा कोलोनच्या कार्डिनल फ्रिंग्स यांचे सल्लागार म्हणून ते गेले, वय होतं 35. ट्यूबिंगेन विद्यापीठात त्यांना बोलावून घेणारे होते हान्स क्यूंग, पुढे व्हॅटिकनचे सर्वात कडवे टीकाकार झाले तेच. क्यूंग अल्फा रोमिओ गाडीतून यायचे आणि रॅट्झिंगर सायकलवरून, ही त्या काळची आवडती आठवण. 1968 च्या विद्यार्थी आंदोलनाने रॅट्झिंगर हादरले, 1969 मध्ये रेगेन्सबुर्गच्या शांत विद्यापीठात निघून गेले आणि पुढे हळूहळू दुसऱ्या गोटात पोचले. 1981 पासून 2005 पर्यंत ते व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागाचे प्रमुख होते. या विभागाचं मूळ नाव इन्क्विझिशन. गोव्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, अर्थात तिथलं इन्क्विझिशन पोर्तुगीज राजसत्तेने चालवलेलं होतं, रोमच्या कार्यालयाने नव्हे.

या खुर्चीवर बसून त्यांनी लॅटिन अमेरिकेतल्या ‘लिबरेशन थिऑलॉजी’ला, म्हणजे गरिबांच्या मुक्तीच्या धर्मशास्त्राला, मार्क्सवादाची लागण झाल्याचा ठपका ठेवला. 1985 मध्ये ब्राझीलचे लिओनार्दो बॉफ यांना गप्प राहण्याचा आदेश निघाला. त्यांची नजर महाराष्ट्रापर्यंतही पोचली होती, हे आपल्याकडे फारसं आठवत नाही. मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो लोणावळ्याला ‘साधना’ ही संस्था चालवत. ध्यान, श्वासावर लक्ष, सूफी आणि झेन गोष्टी यांतून ख्रिस्ती प्रार्थना शिकवत. त्यांची पुस्तकं जगभर खपली. ते 1987 मध्ये वारले आणि अकरा वर्षांनी, 1998 च्या जूनमध्ये, रॅट्झिंगर यांच्या सहीने सूचना निघाली की त्यांच्या काही मतांचा कॅथलिक श्रद्धेशी मेळ बसत नाही. लोणावळ्याला हे लागलं नसेल तर नवल. डिमेलोही जेझुइट आणि बेर्गोलिओही जेझुइट, म्हणून दोघांना एका माळेत ओवायचा मोह होतो. पण तसं नव्हतं.

बेर्गोलिओ मुक्तीच्या धर्मशास्त्राचे शिलेदार कधीच नव्हते. अर्जेंटिनात त्याला पर्याय म्हणून ‘जनतेचं धर्मशास्त्र’ वाढलं. वर्गसंघर्षापेक्षा साध्या भाविकांच्या यात्रा, नवस, मरियेची भक्ती यांना त्यात मान होता. बेर्गोलिओ त्या परंपरेतले. 2010 मध्ये अर्जेंटिनात समलिंगी विवाहाचा कायदा येऊ घातला तेव्हा त्यांनी कार्मेलाइट नन्सना लिहिलेल्या पत्रात त्यात सैतानाची असूया दिसते असं लिहिलं, आणि राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना फर्नांडिस यांनी त्यांना मध्ययुगाची आठवण करून दिली. तीन वर्षांनी विमानात पत्रकारांसमोर ‘न्याय करणारा मी कोण?’ असं म्हणणारे पोप ते हेच. दोघांमधला फरक सिद्धांताचा कमी होता, माणसापाशी कुठून पोचायचं याचा जास्त. एक ग्रंथातून माणसाकडे येई, दुसरा माणसाकडून ग्रंथाकडे जाई.

आता एक गंमत. कास्तेल गांदोल्फोला दोन विरोधकांची खरीखुरी भेट झालेली आहे, फक्त त्यात बेर्गोलिओ नव्हते. 24 सप्टेंबर 2005 रोजी, पोप होऊन पाच महिने झाले असताना, बेनेडिक्ट यांनी हान्स क्यूंग यांना तिथे भेटायला बोलावलं. पोपच्या अचूकपणाच्या सिद्धांतावर प्रश्न उभा केल्यामुळे क्यूंग यांचा कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा परवाना 1979 मध्येच काढून घेतलेला होता. जॉन पॉल यांनी त्यांना कधी भेट दिली नाही. या दिवशी मात्र दोघं चार तास बोलले, एकत्र जेवले. मतभेदाच्या सैद्धांतिक मुद्द्यांवर वाद घालायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं. बोलणं झालं ते विज्ञान आणि श्रद्धा यांवर आणि सर्व धर्मांना समान अशा नीतिमूल्यांवर. बाहेर पडल्यावर कुणीही मत बदललं नाही. क्यूंग 2021 मध्ये वारले, परवाना काही परत मिळाला नाही. माझ्या मते या चार तासांवरचा चित्रपट अधिक अवघड आणि अधिक खरा झाला असता. टँगोला मात्र त्यात जागा नसती.

अर्जेंटिनाची सात वर्षं

चित्रपटाचा सर्वात दमदार भाग भूतकाळातला, कृष्णधवल रंगातला आहे, आणि तो इतिहासाच्या बराच जवळ जातो.

बेर्गोलिओ 1973 मध्ये अर्जेंटिनाच्या जेझुइटांचे प्रांतप्रमुख झाले तेव्हा ते केवळ 36 वर्षांचे होते. ‘हा वेडेपणाच होता,’ असं पुढे त्यांनीच म्हटलं. 24 मार्च 1976 रोजी लष्कराने सत्ता घेतली. 1983 पर्यंत चाललेल्या त्या राजवटीत माणसं रात्री उचलली जात आणि नाहीशी होत. नंतर नेमलेल्या सरकारी आयोगाने जवळपास 9,000 नावं नोंदवली. मानवी हक्क संघटना 30,000 चा आकडा धरतात. तिथल्या स्पॅनिशमध्ये ‘बेपत्ता’ या शब्दाचा अर्थच त्यानंतर बदलला.

ओर्लांदो योरिओ आणि फ्रान्झ यालिच हे दोन जेझुइट बाहो फ्लोरेसच्या झोपडपट्टीत राहून काम करत. झोपडपट्टीत राहणारा धर्मगुरू लष्कराच्या लेखी गनिमी बंडखोरांचा साथीदार. बेर्गोलिओंनी त्यांना तिथून निघायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, संघाशी त्यांचं नातं तुटण्याच्या बेतात आलं, आणि 23 मे 1976 रोजी नौदलाच्या लोकांनी दोघांना उचललं. डोळ्यांवर पट्टी बांधून पाच महिने डांबून ठेवलं. ऑक्टोबरमध्ये गुंगीचं औषध देऊन एका शेतात सोडून दिलं.

प्रश्न असा की वरिष्ठांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं का? बेर्गोलिओंचं म्हणणं होतं की त्यांच्या सुटकेसाठी आपण हुकूमशहा विदेला आणि नौदलप्रमुख मास्सेरा या दोघांना प्रत्येकी दोनदा भेटलो. विदेलांच्या घरी मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूला आजारी पडायला सांगून त्याच्या जागी स्वतः गेलो, म्हणजे बोलायची संधी मिळेल. योरिओंचा यावर विश्वास बसला नाही. आपला घात झाला, या समजुतीतच ते 2000 साली गेले. यालिच जर्मनीत स्थायिक झाले. बेर्गोलिओ पोप होताच जगभरच्या पत्रकारांनी त्यांना गाठलं; त्यांनी आधी सांगितलं की आमच्यात समेट झाला आहे, एकत्र मिस्सा केला आणि मिठी मारली, आणि काही दिवसांनी स्पष्ट केलं की आमची खबर बेर्गोलिओंनी दिली नव्हती. हाच आरोप 2005 च्या कॉन्क्लेव्हच्या तोंडावर ब्युनोस आयर्सच्या न्यायालयात दाखल झाला होता. 40 मतांच्या मालकाच्या मनात तेव्हा हेही असणारच.

दुसरी आठवण एका बाईची आहे. एस्तेर बालेस्त्रिनो पॅराग्वेहून आलेल्या, रसायनशास्त्रज्ञ आणि साम्यवादी. सेमिनरीत जाण्यापूर्वी बेर्गोलिओ ज्या प्रयोगशाळेत काम करत, तिथे त्या त्यांच्या वरिष्ठ होत्या. घाई केलेलं काम त्या परत करायला लावत, असं ते सांगत. छापे सुरू झाल्यावर एस्तेर यांनी आपली मार्क्सवादी पुस्तकं लपवायला याच धर्मगुरूच्या हवाली केली. 1977 मध्ये त्यांची सोळा वर्षांची गरोदर मुलगी पकडली गेली. ती सुटली, परदेशी पोचली, पण आई परत आली. इतरांची मुलं अजून परतली नाहीत म्हणून. प्लासा दे मायो चौकात पांढरे रुमाल बांधून फेऱ्या मारणाऱ्या मातांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी त्या एक. 8 डिसेंबर 1977 रोजी सांता क्रुस चर्चच्या आवारातून त्यांना पळवलं आणि नंतर विमानातून जिवंत समुद्रात फेकलं. प्रेत किनाऱ्याला लागलं, बेवारस म्हणून पुरलं गेलं. 2005 मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञांनी हाडांवरून ओळख पटवली, आणि मुलींनी विचारल्यावर आर्चबिशप बेर्गोलिओ यांनी त्यांना सांता क्रुसच्याच आवारात पुरायला परवानगी दिली. एका साम्यवादी बाईचं दफन चर्चच्या अंगणात. 2005 हेच वर्ष, हे योगायोगाने का होईना, ध्यानात राहतं.

प्रांतप्रमुखपद गेल्यावर बेर्गोलिओ संघात एकटे पडले. 1990 ते 1992 त्यांना कोर्दोबाला पाठवलं गेलं. तिथे पापांची कबुली ऐकायची आणि लिहित-वाचत बसायचं, एवढंच. मोठ्या अंतर्गत संकटाचा काळ होता तो, असं ते म्हणत. एकतर्फी, अधिकार गाजवून निर्णय घेण्याची आपली पद्धत चुकीची होती, हेही. वरिष्ठाचा हुकूमशाही बाणा कसा असतो हे त्यांना पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

11 फेब्रुवारी

पोपला राजीनामा देता येतो. तो स्वेच्छेने आणि नीट जाहीर केलेला असावा, तो कुणी मंजूर करायची गरज नाही, एवढंच कॅथलिक कायदा म्हणतो. तरी बेनेडिक्ट यांच्याआधीचा शेवटचा राजीनामा होता ग्रेगरी बारावे यांचा, 1415 मधला. तोही चर्चमधली फूट मिटवण्यासाठी पदरात घातला गेलेला. आपखुशीचा दाखला हवा असेल तर 1294 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या साली कार्डिनलांनी सव्वादोन वर्षांच्या भांडणानंतर कंटाळून मोरोने डोंगरातल्या एका म्हाताऱ्या तपस्व्याला पोप केलं. सेलेस्टाइन पाचवे. गाढवावर बसून ते लाक्विला गावात आले, तिथेच त्यांचा अभिषेक झाला. नेपल्सच्या राजाने त्यांना मुठीत ठेवलं. पाच महिन्यांत ते हतबल झाले. पोपला पद सोडता येतं असा निर्णय आधी जाहीर केला आणि 13 डिसेंबरला पद सोडून दिलं. पुन्हा गुहेत जायची त्यांची इच्छा होती. पण नव्या पोपला, बोनिफेस आठवे यांना, जिवंत माजी पोपची भीती वाटली. त्यांनी सेलेस्टाइन यांना फुमोनेच्या किल्ल्यात अडकवलं. तिथेच ते 1296 मध्ये वारले. एका वेळी दोन पोप असले की काय होतं, याचा चर्चपाशी असलेला धडा हा असा होता.

6 एप्रिल 2009 रोजी लाक्विलाला भूकंप झाला, 300 हून अधिक माणसं गेली. सेलेस्टाइन यांचं दफन असलेल्या चर्चचं छत कोसळलं, पण त्यांची काचेची शवपेटी वाचली. त्याच महिन्याच्या 28 तारखेला बेनेडिक्ट तिथे आले आणि आपल्या अभिषेकाच्या वेळी खांद्यावर घातलेली लोकरीची पट्टी, पॅलियम, त्यांनी त्या पेटीवर ठेवली आणि निघून गेले. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी एका जर्मन पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले की शरीराने, मनाने वा आत्म्याने काम झेपेनासं झालं तर पद सोडण्याचा पोपला हक्क आहे, काही वेळा ते कर्तव्यही ठरतं. तेही छापून आलं आणि विसरलं गेलं.

2012 हे वर्ष वाईट गेलं. मार्चमध्ये मेक्सिकोच्या दौऱ्यात रात्री पडून त्यांच्या डोक्याला मार लागला. पुन्हा अटलांटिक ओलांडायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. 2013 च्या जुलैत रिओला तरुणांचा जागतिक मेळावा ठरलेला होता. 2012 च्याच मे महिन्यात त्यांच्या टेबलावरची खासगी कागदपत्रं पुस्तकरूपाने बाजारात आली. ती फोडणारा त्यांचा घरचाच माणूस निघाला, जेवण वाढणारा, कपडे ठेवणारा पाओलो गाब्रिएले. 23 मे रोजी त्याला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी व्हॅटिकन बँकेच्या अध्यक्षांना घरी पाठवलं गेलं. तीन वयोवृद्ध कार्डिनलांनी चौकशी केली. गाब्रिएलेला दीड वर्षाची शिक्षा झाली आणि नाताळच्या तोंडावर बेनेडिक्ट यांनी तुरुंगात जाऊन त्याला माफ केलं. राजीनाम्याचं कारण हे प्रकरण, असं सर्रास सांगितलं जातं. मरणाच्या दोन महिने आधी चरित्रकाराला लिहिलेल्या पत्रात बेनेडिक्ट यांनी मुख्य कारण दिलं ते निद्रानाश. 2005 पासून त्यांना नीट झोप नव्हती. नाट्यमय कारणापेक्षा हे मला जास्त पटतं.

11 फेब्रुवारी 2013 हा व्हॅटिकनमध्ये सुट्टीचा दिवस. काही संतपदांवर शिक्कामोर्तब करायला कार्डिनल जमले होते. कामकाज संपल्यावर बेनेडिक्ट यांनी कागद काढून लॅटिनमध्ये वाचायला सुरुवात केली. समोरच्या कित्येकांना काही कळेना. पत्रकक्षात बसलेल्या जोव्हान्ना किर्री या इटालियन वृत्तसंस्थेच्या बातमीदार बाईंना शाळेतलं लॅटिन येत होतं, आणि 598 वर्षांत न घडलेली बातमी जगाला त्यांच्याकडून कळली. निरभ्र आकाशातून वीज कोसळली, असं कार्डिनल सोदानो म्हणाले. संध्याकाळी सेंट पीटरच्या घुमटावर खरोखरच वीज पडली. हे पटकथेत लिहिलं असतं तर अतिरेक वाटला असता.

28 फेब्रुवारीला निरोप देताना बेनेडिक्ट कार्डिनलांना म्हणाले की तुमच्यातच उद्याचा पोप आहे, आणि त्याला मी आजच माझ्या आज्ञापालनाचं वचन देतो. रात्री आठ वाजता कास्तेल गांदोल्फोचं दार बंद झालं. स्विस गार्ड्स पहारा उठवून निघून गेले.

शेजारी

बेर्गोलिओ परतीचं तिकीट काढून आले होते. 13 मार्चला पाचव्या फेरीत ते निवडून आले. शेजारी बसलेल्या ब्राझीलच्या कार्डिनल हुम्मेस यांनी मिठी मारून सांगितलं, गरिबांना विसरू नका. त्यातून फ्रान्सिस हे नाव आलं. पोप जेझुइट आहे म्हटल्यावर हे नाव झेवियरवरून असावं, असा पुष्कळांचा समज झाला. ज्यांच्या अवशेषांच्या दर्शनाला जुन्या गोव्यात माणसांची रांग लागते, ते झेवियरही पहिल्या जेझुइटांपैकीच. तीन दिवसांनी पोपनीच पत्रकारांना खुलासा केला की नाव असिसीच्या फ्रान्सिसचं आहे. त्या कॉन्क्लेव्हमध्ये भारताचे पाच कार्डिनल होते. त्यांतले मुंबईकर दोघे: वांद्र्यात जन्मलेले आयव्हन डायस आणि तेव्हाचे आर्चबिशप ओस्वाल्ड ग्रेशियस. डायस 2005 च्या कॉन्क्लेव्हमध्येही होते. ग्रेशियस यांना महिन्याभरातच फ्रान्सिस यांनी आपल्या आठ सल्लागारांत घेतलं.

23 मार्च 2013 रोजी कास्तेल गांदोल्फोला दोन पोपांची पहिली खरी भेट झाली. चॅपेलमध्ये बेनेडिक्ट यांनी मानाचं आसन पुढे केलं. ‘आपण भाऊ आहोत’ म्हणत फ्रान्सिस यांनी ते नाकारलं आणि दोघं एकाच बाकावर गुडघे टेकून बसले. खोलीत टेबलावर एक मोठी पांढरी पेटी होती. सगळं यात आहे, असं सांगून बेनेडिक्ट यांनी घोटाळ्यांची कागदपत्रं वारसाच्या हवाली केली. मे महिन्यापासून ते व्हॅटिकनच्या बागेतल्या मठात राहायला आले. घरात शहाणे आजोबा असावेत तसं वाटतं, असं फ्रान्सिस म्हणत. रिओला जुलैमध्ये फ्रान्सिस गेले.

सगळं गोड होतं असं नाही. 2019 च्या डिसेंबरात चित्रपट घरोघरी पोचला आणि काही आठवड्यांतच धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याचं समर्थन करणारं एक पुस्तक आलं. लेखक कार्डिनल रॉबर्ट सारा आणि बेनेडिक्ट. अमेझॉनच्या जंगलात विवाहित पुरुषांना दीक्षा द्यावी का, यावर फ्रान्सिस निर्णय देणार होते, नेमक्या त्याच वेळी. गदारोळ झाला आणि बेनेडिक्ट यांचं सहलेखक म्हणून असलेलं नाव काढायला त्यांच्या सचिवाला सांगावं लागलं. 2021 मध्ये फ्रान्सिस यांनी जुन्या लॅटिन मिस्सावर निर्बंध आणले. तो मिस्सा मोकळा करणारे 2007 मधले बेनेडिक्ट तेव्हा हाकेच्या अंतरावर राहत होते. त्यांचं काळीज तुटलं, असं त्यांच्या सचिवाने नंतर सांगितलं. ते स्वतः उघडपणे काही बोलले नाहीत.

चित्रपटात बेनेडिक्ट पापांची कबुली देऊ लागतात आणि आवाज बंद होतो. तिथे विषय असतो मेक्सिकोच्या मार्सिअल मासिएलचा, मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या त्या बड्या धर्मगुरूचा. कलात्मक म्हणून या क्षणाचं कौतुक झालं. मला तो सोयीचा वाटला. मासिएलविरुद्ध पीडितांची तक्रार 1998 मध्येच रॅट्झिंगर यांच्या विभागात आली होती. कारवाई झाली 2006 मध्ये, ते पोप झाल्यावर, आणि तीही एकांतात जाऊन प्रार्थना-प्रायश्चित्त करण्याच्या आदेशापुरती. जानेवारी 2022 मध्ये म्युनिकच्या चौकशी अहवालाने, ते तिथे आर्चबिशप असतानाच्या काळातल्या चार प्रकरणांत त्यांच्यावर ठपका ठेवला. त्यांनी पत्र लिहून पीडितांची क्षमा मागितली, गैरकृत्य लपवल्याचं मात्र नाकारलं. फ्रान्सिसही यातून सुटत नाहीत. 2018 च्या जानेवारीत चिलीमध्ये त्यांनी एका बिशपवरच्या आरोपांना बदनामी म्हटलं. एप्रिलमध्ये, चौकशीनंतर, आपली गंभीर चूक झाल्याचं लिहून दिलं आणि पीडितांना रोमला बोलावून माफी मागितली. मेमध्ये चिलीच्या साऱ्या बिशपांनी राजीनामे पुढे केले.

28 ऑगस्ट 2022 रोजी फ्रान्सिस लाक्विलाला गेले. चाकांच्या खुर्चीतून. आता तेही पद सोडणार, अशी कुजबुज होतीच. सेलेस्टाइन यांना भ्याड ठरवणं बरोबर नाही, त्यांनी दिला तो नकार नव्हता तर होकार होता, असं ते तिथल्या प्रवचनात म्हणाले. त्या डिसेंबरात एका स्पॅनिश दैनिकाला त्यांनी सांगितलं की 2013 मध्येच आपण राजीनाम्याचं पत्र सही करून राज्यसचिव बर्तोने यांच्याकडे देऊन ठेवलं आहे, आजारपणाने आपण काम करण्याच्या पलीकडे गेलो तर वापरायला. म्हणजे दुसऱ्यांदाही त्यांचा राजीनामा तयारच होता.

बेनेडिक्ट 31 डिसेंबर 2022 रोजी 95 व्या वर्षी वारले. 5 जानेवारीच्या धुक्यात सेंट पीटरच्या चौकात साधी लाकडी शवपेटी आली. विद्यमान पोपने आपल्या आधीच्या पोपचा अंत्यविधी केल्याचा याआधीचा प्रसंग 1802 चा होता, आणि तोही परागंदा होऊन मेलेल्या पोपचे अवशेष रोमला आणल्यावरचा. फ्रान्सिस काठीचा आधार घेऊन उभे राहिले, शवपेटीवर हात ठेवला, मान झुकवली.

त्यांचं स्वतःचं पत्र वापरायची वेळ आली नाही. 20 एप्रिल 2025 च्या ईस्टर रविवारी ते उघड्या गाडीतून चौकात फिरले, दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. सांता मारिया माज्जोरे चर्चमधल्या त्यांच्या कबरीवर एकच शब्द कोरला आहे, ‘फ्रान्सिस्कुस’.